‘काही होत नाही’ म्हणणाऱ्यांना

किनवटहून नांदेडला, आदिलाबादला किंवा माहूरमार्गे यवतमाळकडे निघालेल्या कुठल्याही पिकअपवाल्याला वैशाखात विचारून पाहा : मागं हौद्यात कुत्रं बांधलंय, त्याला उन्हाचा त्रास होत नाही का? उत्तर ठरलेलं. ‘वर ताडपत्री हाय की.’ जरा खोदलं तर दुसरं येतं, ‘गाडी चालू असली की वारा लागतोय.’ आणि तरीही आपण हटलो नाही तर शेवटचं, ज्यापुढं बोलणंच खुंटतं : ‘गावरान जात हाय, काई होत नाई त्याला.’

माझे एक स्नेही या तिन्ही वाक्यांवर ठाम आहेत. गृहस्थ कुत्र्यांवर जीव टाकणारे आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांच्याकडची कारवानी कुत्री घरच्या माणसांच्या आधी जेवतात. पिल्लाच्या कानावरची गोचीड ते चष्मा लावून काढतात. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ आहे. कुत्र्याला दगड मारणाऱ्याला मी काय समजावणार? पण जीव लावून कुत्र्याला भट्टीत बसवणाऱ्याला चार गोष्टी सांगता येतात. त्यांच्या अंगणात हा वाद मी पुरता हरलो, कारण तिथं त्यांची माणसं जास्त होती. इथं माझी बाजू मांडतो.

सावलीपासून सुरुवात करू. कडुनिंबाखाली गार वाटतं ते नुसतं ऊन अडल्यामुळं नाही. पानं पाणी सोडत असतात म्हणून ती फारशी तापत नाहीत, आणि चारी बाजू मोकळ्या असल्यानं हवा खेळती राहते. ताडपत्री यातलं एकच काम करते, ऊन अडवते. अडवलेलं ऊन जातं कुठं? तिच्याच अंगात. दुपारी दोनला निळ्या ताडपत्रीला आतून हात लावावा, चटका बसतो. ती तापलेली ताडपत्री खाली बसलेल्या जिवावर उष्णता फेकत राहते. त्याच्या पायाखाली लोखंडी पत्रा, पत्र्याखालून सायलेन्सरचा पाइप गेलेला, आणि त्याच्याही खाली डांबर. स्टेपनी, जॅक, साखळी, फाळक्याची कडी, हौद्यातली प्रत्येक वस्तू तापणारी. आमचे स्नेही म्हणतात सावली. मला ती सहा बाजूंनी तापलेली पेटी दिसते.

यावर त्यांचं म्हणणं असं की पेपरात ४४ अंश आलं म्हणजे हौद्यातही ४४ च, फार तर एखादा अंश इकडंतिकडं. पेपरातलं ४४ कसं मोजतात ते पाहायला हवं. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत असतो. त्याला ऊन थेट लागत नाही आणि हवा मात्र सतत लागते. म्हणजे ते ४४ हे चांगल्यातल्या चांगल्या सावलीतलं ४४ आहे. कुत्रं त्या पेटीत बसलेलं नसतं. त्याचं नाक तापलेल्या पत्र्यापासून वीतभर अंतरावर असतं.

‘आपला रस्ता जंगलाचा आहे, सावली लागते,’ हा त्यांचा आणखी एक मुद्दा, आणि ऐकणाऱ्या चौघांनी त्याला माना डोलावल्या होत्या. किनवटचं जंगल सागाचं. वैशाखात सागाला पान राहतं का? किनवट-माहूरच्या रस्त्यानं मे महिन्यात गेलेला माणूस हा मुद्दा मांडतो याचंच मला नवल वाटलं. श्रावणात त्या रस्त्याला जी सावली असते तिच्या आठवणीवर वैशाखातलं कुत्रं गार राहत नाही.

आता वारा. हा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. गाडी साठच्या वेगानं धावतेय, मग हौद्यात वारा असणारच. पण ताडपत्री बांधतात कशी ते आठवा. पुढं केबिनच्या पाठीला घट्ट, दोन्ही बाजूंनी दोरीनं आवळलेली, आणि मागं फाळक्याच्या वर तेवढी मोकळी. हवा आत यायला आणि बाहेर जायला वाट एकच. तेव्हा होतं असं की केबिनलगतची हवा जागची हलत नाही, आणि मागच्या तोंडाशी गाडीच्या वेगामुळं जो भोवरा होतो तो बाहेरची धूळ आणि आपल्याच गाडीचा धूर आत ओढतो. ज्यांनी ऊसतोडीच्या ट्रकच्या हौद्यात बसून प्रवास केलाय त्यांना हे सांगावं लागत नाही, फाळक्याजवळ बसलेल्याचं तोंड उतरताना ओळखू येत नाही. कुत्रं बहुधा पुढं, केबिनच्या पाठीशी बांधलेलं असतं, कारण मागं बांधलं तर उडी मारेल ही भीती. म्हणजे जिथं हवा सगळ्यात कमी हलते नेमकी ती जागा त्याच्या वाट्याला.

आणि समजा वारा लागला, तरी कसला वारा? कुत्र्याच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश. बाहेरची हवा ४४. अंगापेक्षा गरम हवा अंगावरून गेली तर ती अंगातली उष्णता घेऊन जात नाही, देऊन जाते. माणसाला त्या झळांतही थोडं बरं वाटतं कारण आपलं अंग घामानं ओलं असतं आणि घाम वाळताना उष्णता नेतो. कुत्र्याला तसा घाम येत नाही. पायाच्या तळव्यांना थोडा ओलावा येतो, तो हिशेबात धरण्याजोगा नाही. त्याच्याकडं एकच साधन : जीभ बाहेर काढून धापा टाकणं. तोंडातलं, घशातलं, नाकातलं पाणी वाफ होऊन जातं आणि जाताना उष्णता नेतं. कोरड्या केसांवरून लू वाहिली तर त्या कुत्र्याला फायदा शून्य.

या एका गोष्टीवर सगळा वाद येऊन थांबतो, म्हणून इथं जरा रेंगाळतो. कुत्र्याचं गार होणं म्हणजे पाण्याची वाफ होणं, आणि वाफ व्हायला हवा कोरडी लागते. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. पण बंद हौद्यात कुत्रं स्वतःच्या धापांनीच हवा ओली करत राहतं. मग मालक प्रेमानं चार ओली पोती आणून टाकतो आणि ती आणखी ओली करतो. मराठवाड्यात घराघरात कूलर आहे, तेव्हा हे उदाहरण सगळ्यांना कळेल : खोलीची समोरची खिडकी बंद ठेवून कूलर लावला की दहा मिनिटं बरं वाटतं, मग अंग चिकचिकायला लागतं आणि झोप येत नाही. हौद्यात तेच होतं. कुत्रं धापा टाकतंय, पण धापांचा उपयोग होत नाही, म्हणून ते आणखी जोरानं टाकतं. जोरानं धापा टाकणं हेसुद्धा स्नायूंचं कामच, त्यानं अंगात आणखी उष्णता तयार होते. इथून पुढं गाडी उताराला लागलेली असते.

भोकरच्या अलीकडं एका हॉटेलापाशी थांबलेला पिकअप मला चांगला आठवतो. लग्नाची मंडळी होती. चहा झाला, भजी झाली, कुणीतरी सहज ताडपत्रीचं टोक वर केलं. आतलं कुत्रं उभं होतं पण पुढचे पाय फाकलेले. जीभ नेहमीसारखी लांब लोंबत नव्हती, टोकाला चमच्यासारखी रुंद झाली होती आणि जांभळट दिसत होती. लाळ पातळ नव्हे, दोरीसारखी चिकट, साखळीवर लोंबलेली. मालकानं नावानं हाक मारली तर त्यानं मान वळवली नाही. नजर समोरच्या पत्र्यावर. मालक म्हणाला, ‘दमलंय जरा.’ ते दमलेलं नव्हतं. अंगाचं तापमान ४१ च्या पुढं गेलं की मेंदू, आतडी, मूत्रपिंड यांना इजा व्हायला लागते, आणि हाक ऐकून न ऐकल्यासारखं करणं ही त्याची ठळक खूण. त्याला खाली उतरवलं, हॉटेलच्या पिंपातलं पाणी बादलीनं पोटावर, जांघेत, पायांवर ओतलं, एकजण चहाच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन वारा घालत बसला. बऱ्याच वेळानं त्यानं शेपूट हलवली. वरातीतले दोघे चिडलेले, मुहूर्त चुकतो म्हणून.

त्या वेळीही एक वडीलधारे पुढं होऊन सांगत होते, गार पाणी ओतू नका, झटका बसेल, अर्धांग जाईल. ही समजूत खोलवर रुजलेली आहे आणि तिनं कुत्री मारली आहेत. तापलेल्या कुत्र्याला आधी गार करा, मग दवाखान्यात न्या, असाच सल्ला आता पशुवैद्यक देतात. साधं नळाचं, हंड्याचं पाणी आणि वारा, एवढ्यानं सुरुवात करायची. आमच्या भागात तर हे जास्तच खरं, कारण दवाखाना हाकेच्या अंतरावर नाही. पशुवैद्यक महाविद्यालयं परभणीला आणि उदगीरला. १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन जरूर करावा, पण फिरतं पथक येईपर्यंत कुत्र्याला पाण्याशिवाय ठेवलं तर पथकाला करण्यासारखं फारसं उरत नाही.

ओघात दोन घरगुती उपायही निकालात काढतो. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवणारी माणसं आपण. ठेवा खुशाल. पण ताकात कांदा कालवून कुत्र्याला पाजू नका. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि अंग तापलंय म्हणून तापाची गोळी घशात कोंबणारे भेटतात. उन्हानं तापलेलं अंग म्हणजे ताप नव्हे. गोळीनं ते उतरत नाही, उलट माणसाची गोळी कुत्र्याच्या यकृताला महागात पडते.

स्नेह्यांचा हुकमी पत्ता मात्र जातीचा. ‘ही कारवानी जात. याच मातीतली. उन्हात सशामागं धावलेली. तुमच्या पुण्याच्या लॅब्राडोरचं कौतुक मला सांगू नका.’ यातलं अर्धं खरं आहे आणि ते मी मोकळेपणानं मान्य करतो. अंगावर चरबी नाही, केस आखूड, पाय लांब, तोंड निमुळतं. नाकाड लांब असल्यानं धापांचं काम चांगलं होतं. चपट्या तोंडाच्या पगला, ज्याला आमच्याकडं मोबाइलच्या जाहिरातीमुळं अजून ‘हचचं कुत्रं’ म्हणतात, त्याला उन्हाळ्यात हौद्यात घालणं म्हणजे खूनच. कारवानी त्यापेक्षा कितीतरी काटक.

पण गावरान कुत्रं उन्हाळा काढतं कसं, हे कुणी नीट पाहिलंय का? सकाळी नऊनंतर किनवटच्या बाजारात हिंडणारं कुत्रं दिसतंय का बघा. ते हातपंपाच्या ओलीत पोट टेकून पडलेलं असतं. रसवंतीच्या मागं जिथं चोथ्याचं पाणी झिरपतं तिथं. उभ्या ट्रकच्या खाली, आणि ट्रक हलला की दुसऱ्या ट्रकच्या खाली. रांजणाच्या बुडाशी पंज्यानं माती उकरून खालची गार माती काढतं आणि तीत बसतं. ऊन सरकलं की तेही सरकतं. दिवसातून दहा-वीसदा जागा बदलतं. ते टिकतं ते कातडीमुळं कमी आणि पायांमुळं जास्त. हव्या त्या वेळी उठून हव्या त्या जागी जाता येणं, हीच त्याची काटकपणाची सगळी पुंजी. आणि हौद्यात तुम्ही नेमकं तेच काढून घेता. दोन हात साखळी, ती लोखंडी, तापणारी. माती नाही, ओल नाही, सरकायला जागा नाही. मग ते कारवानी असो, पश्मी असो की लॅब्राडोर, फरक पडतो तो अर्ध्या-पाऊण तासाचा. सशामागं धावण्याचं म्हणाल तर ती धाव काही मिनिटांची असते आणि कुत्रं स्वतः थांबतं. हौदा थांबवणं त्याच्या हातात नाही.

‘पण माळेगावला दरवर्षी याच हौद्यातून नेतो. एकदाही काही झालं नाही.’ हा पुरावा म्हणून त्यांनी ठेवला तेव्हा मला हसूच आलं. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, उंट, गाढवं, कुत्री, सगळ्यांचा बाजार आणि कुत्र्यांचं प्रदर्शनसुद्धा. डिसेंबरची थंडी, पहाटे निघणं. त्या दिवसांत ताडपत्री कुत्र्याला वाऱ्यापासून वाचवते आणि बांधायलाच हवी. मार्गशीर्षात कमावलेली खात्री वैशाखात खर्च करायची, हा हिशेब कुठला? ‘काही झालं नाही’ हे वाक्य बोलताना महिना सांगायची सक्ती केली पाहिजे.

देवाचं नाव निघालंच आहे तर तेही सांगतो. वादात कुणीतरी म्हणालं की आमच्या जिल्ह्यात कुत्रं देवाजवळचं आहे, माहूरला दत्ताच्या पायाशी चार, माळेगावला खंडोबाजवळ एक, आम्ही त्याचे हाल कसे करू? दत्ताची कुत्री दत्ताच्या पावलाबरोबर चालतात. त्यांच्या गळ्यात साखळी घालून त्यांना ताडपत्रीखाली बसवल्याचं चित्र मी तरी कुठं पाहिलेलं नाही.

बर्फाबद्दल दोन शब्द, कारण शहरातून येणारी मंडळी तो उपाय फार आत्मविश्वासानं सांगतात. बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून हौद्यात ठेवली की झालं. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्याच्या सुमारे सातपट उष्णता एक लिटर पाणी वाफ होताना शोषतं. बर्फ महाग, तो इस्लापूर येईपर्यंत पाणी होतो, आणि बंद हौद्यात ते पाणी पुन्हा दमटपणा वाढवतं. पाणी स्वस्त आणि ताकदवान, फक्त त्याला वाहती हवा द्यावी लागते. म्हणून ओलं पोतं कुत्र्याच्या अंगावर टाकायचं नाही, ते पाच मिनिटांत कोमट होऊन गोधडीचं काम करतं. ते टांगायचं ताडपत्रीच्या पुढच्या तोंडाशी, जिथून हवा आत येईल तिथं, वाळ्याच्या पडद्यासारखं. पुढचं तोंड म्हणजे केबिनच्या टपावर बांबू आडवा टाकून ताडपत्री हातभर उचलायची. पुढून वाट आणि मागून वाट. कुत्र्याचं पोट आणि पाय कातडीपर्यंत भिजवायचे, मग तोच वारा, ज्याला मी वर नावं ठेवली, कामाचा ठरतो. खाली फळी, फळीवर कडबा किंवा पेंढा. साखळीऐवजी सुती दोर. पाण्याचं भांडं कडेला बांधलेलं, नाहीतर पहिल्याच गतिरोधकाला ते उपडं.

आणि मुसकं काढायचं. भुंकतं म्हणून, शेजारच्या शेळीला चावेल म्हणून, कुत्र्याचं तोंड चिंधीनं किंवा पट्ट्यानं आवळून बांधतात आणि मग ताडपत्री ओढून घेतात. ज्या तोंडानं ते गार होतं तेच बंद. या एका प्रकाराबद्दल मात्र मला समजूतदारपणे लिहिता येत नाही.

एवढं सगळं केलं तरी माझा दावा नाही की हौदा गार झाला. तो बाहेरच्या हवेच्या जवळपास आला, इतकंच, आणि तेही गाडी चालू असेपर्यंत. थांबली की सगळं पुन्हा पहिल्यासारखं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात बंद उभ्या मोटारीवर केलेला एक अभ्यास २००५ साली लहान मुलांच्या वैद्यकाच्या नियतकालिकात छापून आला. तासाभरात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा सरासरी २२ अंशांनी वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. स्नेही म्हणतील मोटारीला काच असते, हौद्याला नसते. बरोबर, आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण अर्धा तास म्हणजे आपल्याकडं काय? एक चहा, एक पंक्चर, एक लागलेलं फाटक.

त्यांच्या पुण्यात शिकणाऱ्या मुलानं माझ्यापुढं ब्रिटनचा एक अभ्यास ठेवला होता, आणि तो मला आवडला, कारण पहिल्यांदाच कुणीतरी स्वतःच्या अनुभवापलीकडचा दाखला दिला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उष्माघाताच्या कुत्र्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कुत्री पळण्या-फिरण्यानं आजारी पडलेली होती आणि गाडीतली फक्त पाच टक्क्यांच्या आसपास. ‘मग गाडीचा एवढा बाऊ कशाला?’ बाऊ यासाठी की तिथं बंद मोटारीत कुत्रं ठेवू नका हे वर्षानुवर्षं लोकांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं गेलंय, आणि तिथल्या रस्त्यावर ४४ अंशांत ताडपत्रीचे पिकअप धावत नाहीत. शिवाय हौद्यातलं कुत्रं बसून असतं असं कुणी सांगितलं? ते प्रत्येक वळणाला पाय रोवून तोल सांभाळतं, साखळीला हिसके देतं, मागून येणाऱ्या मोटारसायकलवर भुंकतं. म्हणजे कष्टही झाले आणि कोंडणंही. त्या अभ्यासाचा खरा धडा दुसराच आहे, आणि तो सुट्टीला एसी गाडीतून गावी येऊन दुपारी बारा वाजता लॅब्राडोरला डांबरी रस्त्यावर फिरवणाऱ्यांनी घ्यावा. त्या बाबतीत स्नेही आणि मी एका बाजूला.

कायद्याचा आधार घ्यावा तर तो आधार देण्याइतका भक्कम नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याला प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा गाडीतून त्रासदायक रीतीनं जनावर नेणं गुन्हा मानतो, पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. भज्यांची एक प्लेट. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्र्या-मांजरांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, त्यात उन्हाळ्यात दर चार तासांनी पाणी पाजा असं लिहिलंय. किनवटहून निघालेलं कुत्रं चार तासांत नांदेड गाठून विव्हळत पडलेलं असेल आणि पाण्याचा हा नियम मात्र मोडलेला नसेल.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप, ज्याला उत्तर देताना माझाही आवाज खाली येतो. तो स्नेह्यांचा नव्हता, अंगणाच्या कडेला बसलेल्या, तांड्यावरून आलेल्या एका ऊसतोड मजुराचा होता. ‘साहेब, त्याच हौद्यात आमी बसतो, आमची लेकरं बसतात. कुत्र्याचं काय घेऊन बसलात?’ किनवट-माहूरच्या तांड्यांवरून दिवाळीच्या आगेमागे ट्रक भरून माणसं पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या कारखान्यांवर जातात. भांडी, सरपण, कोंबड्या, शेळी, म्हातारी आणि कुत्रं, सगळं एका हौद्यात. जाताना थंडी असते. परतताना मार्च-एप्रिल. २०२२ साली तर ऊस इतका होता की मराठवाड्यातले काही कारखाने जूनपर्यंत चालले.

त्याला मी एवढंच म्हणालो की माणसाला घाम येतो, पदर ओला करून डोक्यावर घेता येतो, ताडपत्रीचं टोक वर धरता येतं, आणि फारच झालं तर केबिनच्या पत्र्यावर थापा मारून गाडी थांबवता येते. कुत्र्याला यातलं काहीच येत नाही. आणि झोळीतल्या तान्ह्या लेकरालाही येत नाही. तो कॅलिफोर्नियातला अभ्यास कुत्र्यांसाठी नव्हताच, गाडीत राहून गेलेल्या लेकरांसाठी होता. पुढून ताडपत्री हातभर उचलली तर दोघांनाही वारा लागतो. कुत्र्यासाठी मागितलेली हवा लेकराच्या वाट्यातून जात नाही. तो काही वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘ताडपत्री डायवर बांधतो, आमी नाई. निघायचं टाइम मुकादम सांगतो.’

हे ऐकल्यावर स्नेह्यांशी चाललेला माझा वाद मलाच अर्धवट वाटला. लग्नाला जाणारा, प्रदर्शनाला जाणारा, हौशी माणूस पहाटे चारला निघू शकतो. साडेसातला तो नांदेडात असतो, कुत्रं ताजंतवानं. नाहीच जमलं तर कुत्रं केबिनमध्ये पायापाशी घ्यावं. केस पडतात, वास येतो, हे आक्षेप मी मोजत नाही. ज्याच्यावर जीव आहे म्हणता त्याचे केस पॅन्टला लागले तर झटकावेत. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, चैत्र-वैशाखात, आच्छादलेल्या हौद्यात कुत्रं घालूच नये, मग ते किती का ओलं केलेलं असेना. स्नेही याला हेकटपणा म्हणतात. म्हणोत.

मजुराच्या हातात मात्र वेळ नाही. ती मुकादमाच्या आणि गाडीमालकाच्या हातात आहे. कारखान्याचा पट्टा कधी पडणार, म्हणजे गाळप कधी थांबणार, हे आठ-दहा दिवस आधी कळलेलं असतं, हिशेब झालेला असतो, उचल फिटली की नाही ते वहीत असतं. मग गाडी भर दुपारी का सुटते? भाड्याची दुसरी खेप गाठायची असते म्हणून. परतीच्या गाड्या दिवस कलल्यावर सोडायच्या आणि पुढचं ऊन चढायच्या आत थांबवायच्या, एवढी अट मजूर घेऊन जाण्याच्या करारात घालायला कारखान्याला पैसा लागत नाही. स्नेह्यांनी लगेच विचारलं, ‘आणि दुपारी थांबायचं कुठं? ट्रकभर माणसांना कोण बसू देतंय?’ पेट्रोल पंपाच्या मागं, बाजार समितीच्या शेडमध्ये, कॅनॉलच्या कडेला, जिथं जाताना स्वयंपाकासाठी थांबतात तिथंच. जाताना जागा सापडते, येताना का सापडू नये?